काळं बटण

पाहुण्यांची पंगत बसायच्या आतच यंत्र काळ्या खडकाच्या पार गेलं.

माण तालुक्यातल्या काळखडी गावाच्या माळावर मांडव घातला होता. यंत्र बनवणाऱ्या कंपनीची माणसं, दोन-तीन जिल्ह्यांतले बोअरवाले आणि पुण्याहून आलेले काही पत्रकार खुर्च्यांवर बसले होते. समोर एक छोटा विजेवरचा ट्रॅक्टर होता आणि त्याच्या मागे बांधलेली, खेळण्यातली वाटावी अशी बोअर मारायची रिग. एवढ्याशा रिगनं कठीण पाषाणात शिरायचं म्हणजे थट्टेचाच विषय, आणि बोअरवाल्यांनी सकाळी ती पोटभर केलीही होती. आता मात्र ते सगळे उठून रिगभोवती गोळा झाले होते. वर काढलेलं बिट, म्हणजे खडक फोडायचं टोक, या हातातून त्या हातात जात होतं. त्याच्या तोंडावर बोराएवढी काळी बटणं बसवली होती. जो तो ती अंगठ्यानं चाचपून बघत होता.

"सकाळधरनं खडक खातंय हे," एक जण म्हणाला, "आणि दात अजून नवेच?"

डॉ. कुंदा गोंजारी बाजूला उभी राहून ऐकत होती. ते बटण तिचं होतं. बारा-तेरा वर्षं ती त्याच्या मागे होती.

बोरॉन आणि कार्बन यांचं ते संयुग. हिऱ्याच्या खालोखाल ज्या मोजक्या पदार्थांची नावं घेतली जातात, त्यांतलं एक. पण लोखंडासारखं ते वितळवून साच्यात ओतता येत नाही. आधी त्याची पूड करायची, पूड दाबून तिला आकार द्यायचा, आणि मग भट्टीत इतकं तापवायचं की कण न वितळताच कडेकडेनं एकमेकांना चिकटतील. कारखान्यात याला सिंटरिंग म्हणतात. कुंदा विद्यार्थ्यांना बुंदीच्या लाडवाचं उदाहरण द्यायची. लाडू वळला तरी प्रत्येक कळी वेगळीच असते, आणि लाडू फुटतो तो कळ्यांच्या मधल्या फटीतून. बोरॉन कार्बाइडचे कण फार हट्टी. दोन हजार अंशांच्या वर नेले तरी मध्ये फटी राहायच्या, आणि एक घाव बसला की तुकडा काचेसारखा उडायचा.

कुंदानं काय केलं, तर पूड दळताना प्रत्येक कणावर दुसऱ्या एका संयुगाचं अतिशय पातळ कातडं चढवलं. कण हट्टी होते, पण ही कातडी एकमेकांना पटकन धरायची. मग मोठ्या भट्टीची गरज उरली नाही. दाबलेल्या पुडीतूनच विजेचे झटके सोडले की काही मिनिटांत बटण तयार. आणि घाव बसून चीर पडलीच, तर ती प्रत्येक कातड्याशी वळायची, पुन्हा वळायची आणि वाट चुकून आतच विरून जायची. बटण कठीण तर होतंच, शिवाय आता ते ठिसूळ राहिलं नव्हतं. कच्चा माल म्हणजे टाकणखारातून काढलेलं बोरॉन आणि कोळसा. परदेशातून आणाव्या लागणाऱ्या महागड्या धातूंचं कामच नाही. बोअरचा खर्च खोलीबरोबर वाढतो तो बिट झिजतं म्हणून. हे बटण झिजतच नव्हतं.

प्रात्यक्षिकासाठी काळखडी तिनंच निवडली होती. आई लहानपणीच गेल्यामुळे ती या गावात, थोरल्या बहिणीच्या सासरी वाढली. शालनआक्कानं तिला आईसारखं सांभाळलं आणि आक्काच्या नवऱ्यानं, सर्जेराव दाजींनी, रोज सायकलवर डबलसीट नेऊन म्हसवडच्या हायस्कुलात पोचवलं. त्याच दाजींनी पुढं गावाला माळावर चर खणायला लावले, पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचा गाळ काढून घेतला, आणि गावाकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. विहिरीला मोटार लावायची नाही आणि गावाच्या हद्दीत बोअर मारायचा नाही. आसपासच्या गावांत टँकर फिरायचे तेव्हा काळखडीच्या विहिरीत उन्हाळाभर पाणी असायचं.

कुंदानं दाजींना विचारलं होतं.

"बोअर नगंच गं," ते म्हणाले होते. "बाकी गावं हायत की."

"दाजी, माझं यंत्र जगात पहिल्यांदा चालणार ते आपल्या गावात चालावं असं वाटतंय मला. एकच भोक. मोटार टाकणार नाही आपण त्यात."

शेवटी ते हो म्हणाले. कुंदा त्यांच्याकडे काही मागायची ती फार क्वचित, म्हणून हो म्हणाले. आणि आता मांडवाच्या कडेला, धुतलेला सदरा घालून, ते एका पत्रकाराला सांगत होते, "ही आमची कुंदा. ह्या गावचीच हाय."

"कुंदा, जरा इकडे ये."

हाक नूरजहाँची होती. नूरजहाँ मुजावर साताऱ्याची, भूगर्भतज्ज्ञ, कॉलेजपासूनची कुंदाची मैत्रीण. ती बोअरच्या तोंडाशी उकिडवी बसली होती.

"कान लाव."

कुंदानं कान लावला. खूप खालून, अंधारातून, पाणी पडल्याचा आवाज येत होता. बारीक धार खोल हौदात पडावी तसा.

"म्हणजे पाणी लागलं!"

"लागलं नाही. वरचं पाणी खाली चाललंय." नूरजहाँ उठली. "वरच्या मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांच्या दगडात पाणी साठतं. तेच तुमच्या विहिरीत येतं. त्याच्या खाली हा अखंड काळा खडक आहे, म्हणून ते टिकतं. परातीच्या तळासारखा आहे तो. तू परातीला भोक पाडलंयस. खालचा थर कोरडा आहे, तो पीत राहणार."

"एवढ्याशा भोकानं काय होणारे?"

"काही होणारही नाही कदाचित. पण केसिंगचा लोखंडी पाइप काळ्या खडकाच्या आत नेऊन बाहेरून सिमेंट भरायला हवं. आजच्या आज."

मांडवात वाढपी पानं मांडत होते. सबनीस, म्हणजे कंपनीचे प्रमुख, लांबून कुंदाला हात करत होते. पाहुण्यांसमोर परत पाइप उतरवत बसायचं, सिमेंट कालवायचं, ती धार सगळ्यांना ऐकवायची, आणि आजच्या दिवसाचा सगळा रंग घालवायचा.

"परवा माणूस पाठवते," कुंदा म्हणाली.

नूरजहाँ पुन्हा बोअरच्या तोंडाशी उकिडवी बसली.

तो माणूस कधी गेलाच नाही. परवा कुंदा हैदराबादच्या प्रदर्शनात होती. नंतर कंपनीच्या शिरवळच्या कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली, मग तिसरी, आणि गावाकडे जाणंच झालं नाही. मधूनच कधीतरी, दात घासताना किंवा गाडीत, तिला ती धार आठवायची, आणि समोर दुसरं काहीतरी आलं की विसरून जायची.

काळं बटण वणव्यासारखं पसरलं. आधी बोअरवाल्याला पाचशे फुटांवर हात टेकावे लागायचे, आता गावातला ट्रॅक्टरवाला दुपारपर्यंत हजार फूट खाली जाऊन यायचा. ज्याला कधी परवडलं नसतं त्यानंही बोअर मारला. एकाला पाणी लागलं नाही की तो पलीकडच्या बांधाला दुसरा मारायचा, तिसरा मारायचा. फेल गेलेल्या बोअरवर दगड ठेवायचा आणि पुढं जायचं. वर्तमानपत्रांनी कुंदाचे फोटो छापले. जिल्ह्याजिल्ह्यांत तिचे सत्कार झाले. दुष्काळी भागातल्या बायका स्टेजवर येऊन तिची ओटी भरायच्या, आणि ती मनापासून रडायचीही.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आक्काचा फोन आला.

"कुंदे, हिरीनं तळ गाठलाय."

"कार्तिकात?"

"व्हय. असं कदीच झालं नव्हतं."

"दाजींना दे जरा फोन."

"न्हाईत घरात," आक्का म्हणाली. पण मागे त्यांच्या खोकण्याचा आवाज कुंदाला स्पष्ट ऐकू आला.

ती नूरजहाँला घेऊन गावात गेली. विहिरीच्या खालच्या पायऱ्या, ज्या तिनं जन्मात कधी पाहिल्या नव्हत्या, त्या उघड्या पडल्या होत्या. तळाशी गढूळ थारोळं होतं आणि एक बाई वाटीनं त्यातलं पाणी घागरीत भरत होती. कुंदाला ओळखून ती हसली. "यंत्रावाल्या ताई," ती म्हणाली, अगदी साध्या, आदराच्या आवाजात. कुंदाला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

माळावरच्या त्या पहिल्या बोअरमध्ये नूरजहाँनं दोरीला बांधलेला कॅमेरा सोडला. पडद्यावर दगडाची भिंत खाली खाली सरकत गेली. आधी सच्छिद्र, तपकिरी दगड. मग त्यातून पाझरणारं पाणी. मग चकचकीत काळा, अखंड खडक, आणि त्याच्या अंगावरून न थांबता खाली उतरणारा पाण्याचा ओघळ. तीन पावसाळे तो असाच वाहत होता.

"हा एकटाच नाही," नूरजहाँ म्हणाली. "शिवारात किती बोअर आहेत आता? गावात बंदी होती ना?"

बंदी तुटली होती. ती तुटण्याची सुरुवात दाजींच्या घरातून झाली होती, हे कुंदाला त्या दुपारी कळलं. प्रात्यक्षिकाला महिनाही झाला नव्हता तेव्हा आक्कानं घरामागं बोअर मारून घेतला. दाजींनी विरोध केला तर ती म्हणाली, कुंदाच्या यंत्राला माळ चालतो तर आपलं परसू का चालत नाही? आणि दाजींच्याच घरी बोअर झाल्यावर गावाला ते काय सांगणार? पुढच्या वर्षभरात शिवाराची चाळण झाली.

दाजी देवळाच्या कट्ट्यावर एकटे बसले होते. कुंदा त्यांच्याशेजारी जाऊन बसली. आधी इथं ते बसले की भोवती माणसं असायची.

"दाजी, त्या दिवशीच मला आवाज आला होता," ती म्हणाली. "पाणी खाली पडल्याचा. नूरनं सांगितलं होतं, बुजवायला पाहिजे म्हणून. मी परवावर टाकलं आणि राहून गेलं."

दाजींनी मान वळवली. "तवाच म्हाईत होतं तुला?"

"हो."

"मग मला का न्हाई सांगितलंस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं. "मी सिमेंट कालवलं असतं. न्हाईतर त्या भोकाच्या तोंडावर बसून ऱ्हायलो असतो."

मग दाजीच म्हणाले, "लोकं इचारायची, बोअर कशापायी मारू दिलासा? मी म्हनायचो, कुंदाचं काम हाय, इचार करूनच केलं असंल."

शिरवळला परतल्यावर ती सरळ सबनीसांच्या खोलीत गेली. बटण विकायचं तर त्याच्याबरोबर केसिंग आणि बुजवायचं सामान सक्तीनं द्यायचं, नाहीतर विकायचंच नाही, असं तिनं सांगितलं. सबनीस माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि कपाटातून एक बटण काढून तिच्या हातावर ठेवलं.

"हे आपलं नाही," ते म्हणाले. "गुजरातेतल्या एका शेडमध्ये बनलंय. असे किती कारखाने झालेत मलाही माहीत नाही. पूड दळायची चक्की आणि विजेचा दाब, एवढंच तर लागतं. आपण उद्या बंद केलं तरी एकसुद्धा बोअर कमी होणार नाही. सोपं करायचं हेच तर तुला हवं होतं ना कुंदा?"

तिनं बटण बोटांत फिरवून बघितलं. चांगलं बनवलं होतं.

मग तिनं स्वतःला जमण्यासारखं जे होतं ते हातात घेतलं. भट्टीशिवाय, पाण्याखालीच घट्ट होईल अशी पूड. बेसाल्टची भुकटी, चुना, राख आणि आणखी दोन-तीन गोष्टी, ठरावीक बारीकपणाला दळलेल्या. बोअरमध्ये काळ्या खडकाच्या पातळीवर आधी रबराचं बूच बसवायचं, त्यावर ही पूड सोडायची. पाणी लागलं की ती किंचित फुगायची, भोकाच्या भिंतीला दाबून धरायची आणि काही दिवसांत दगड व्हायची. कण कणाला धरतो तेच तत्त्व, फक्त आगीऐवजी पाण्यानं. हे काम तिनं हिवाळ्यात उरकलं. इतकं भराभर तिचं कुठलंच काम आजवर झालं नव्हतं, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

उन्हाळ्यात काळखडीची ग्रामसभा भरली. कुंदानं उभं राहून, काही न लपवता, सगळं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. महादू खाडे नावाचा एक शेतकरी फक्त म्हणाला, "फेल बोअर बुजवा की. पर ज्याला पाणी हाय त्यो कोन बुजवू देईल?" ते खरं होतं. फेल गेलेले सगळे बोअर बुजवायचं ठरलं. पोरीबाळींपासून म्हाताऱ्यांपर्यंत माणसं कामाला लागली आणि पिशव्यांतल्या त्या पुडीला गावानं 'कुंदाताईचं पीठ' असं नाव दिलं. माळावरचा पहिला बोअर कुंदानं स्वतः बुजवला. ती धार बंद झालेली तिनं कान लावून ऐकली. मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही वाटलं नाही.

पाऊस बरा झाला. विहीर भरली. दाजींच्या भोवती कट्ट्यावर पुन्हा एक-दोन माणसं दिसू लागली. आणि गणपती उठल्यावर पाणी परत उतरायला लागलं. पूर्वीपेक्षा हळू, पण थांबेना.

"चालू बोअरांपैकी एखादा थेट विहिरीच्या झऱ्यावर असणार," नूरजहाँ म्हणाली. "मोटार सोडलेली असते तिथं कॅमेरा उतरत नाही. रंग टाकून बघू."

रंग हिरवा होता, निरुपद्रवी, अगदी थोडा टाकला तरी पाण्यात चमकणारा. नूरजहाँनं आधी तो पाण्यात घालून स्वतः पिऊन दाखवला, मग सकाळी दाजींच्या हातानं विहिरीत ओतला. चालू बोअर असलेली घरं दोघींनी वाटून घेतली. दर काही तासांनी नळ सोडायचा आणि पांढऱ्या बादलीत पाणी बघायचं. दोन दिवस कुठंच काही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदा आक्काच्या परसात बसली होती. आक्का भांडी घासत होती. साठी ओलांडलेली, गुडघे धरलेले, तरी तिच्या हातांचा झपाटा तोच. दाजी गावकऱ्यांबरोबर विहिरीवर होते. कुंदानं नळ सोडला. बादली भरत आली तसा पाण्याला रंग चढला. कोवळ्या पोपटी पानासारखा.

"शेवाळ असंल," आक्का म्हणाली.

"नाही आक्का."

आक्कानं हातातलं भांडं खाली ठेवलं. ती अडाणी होती, पण गेले तीन दिवस गावात दुसरं बोलणंच नव्हतं. तिला समजायला वेळ लागला नाही. जे पाणी आपल्या बोअरला लागलं म्हणून तिनं गावभर पेढे वाटले होते, ते विहिरीचंच पाणी होतं. खोल पाताळातलं काही नव्हतं. तिची मोटार तीन वर्षं गावाची विहीर उपसत होती.

"अजून कुनी बगितलंय?"

"कुणी नाही."

"मग सांगू नगंस."

"आक्का—"

"ऐक माजं." आक्का भिंतीला धरून उठली आणि तिच्यापाशी आली. "तीस वर्सं मी त्या हिरीच्या पायऱ्या चढली-उतरली. दोन घागरी डोईवर, एक काखंत. तुज्या शाळंच्या कपड्याला लागायचं ती पानीबी मीच आनलं. ह्या नळानं मला बसून भांडी घासायला मिळाली. आता माजं गुडगं वाकत न्हाईत, कुंदे."

"मी तुला शिरवळला नेते. माझ्याकडं राहा तुम्ही दोघं."

"आनि ह्यांनी हितनं तोंड लपवून जायाचं? गाव काय म्हनंल ठावं हाय? सर्जेराव गावाला शिकवत होता आनि त्याचं घर गावची हीर पित होतं."

कुंदानं नळ बंद केला.

"भोक तू पाडलंस," आक्का सावकाश म्हणाली. "तुला आत खातंय, ते दिसतंय मला. पर तुज्या मनाला बरं वाटावं म्हनून माजा नळ तोडू?"

बोलणं खोटं असतं तर तिनं वाद घातला असता.

तिनं बादली मोरीत ओतली. हिरवं पाणी वळून वळून आत गेलं. मग ती विहिरीकडे निघाली. वाटेत तिनं वाक्य तयार केलं, एकाही नळाला रंग आला नाही. मनातल्या मनात ते म्हणून बघितलं. फार सोपं होतं. नूरजहाँ विश्वास ठेवणार, गाव ठेवणार. दोन-चार वर्षांत विहीर आटेल तेव्हा कारणं सापडतील, पाऊस कमी झाला म्हणता येईल. ते वाक्य तोंडात इतकं अलगद बसलं की तिला धसका बसला. परवा माणूस पाठवते, हेही असंच अलगद बसलं होतं.

विहिरीच्या काठावर दहा-बारा माणसं होती. नूरजहाँ पायरीवर बसून पाण्याची पातळी मोजत होती. दाजी तिच्यासाठी छत्री धरून उभे होते.

"माझ्याकडच्या घरांत काही नाही," नूरजहाँ म्हणाली. "तुझ्याकडे?"

कुंदानं दाजींकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते, नेहमीच्याच त्या भरवशानं.

"आक्काच्या नळाला आलाय," ती म्हणाली.

मग मागून कुणीतरी हसलं. महादू खाडे म्हणाला, "म्हंजे हीर तुमच्या परसात व्हती व्हय दाजी? आमी उगंच हितं हुडकतोय." त्यात विष नव्हतं, पण बाकीचेही हसले, आणि ते हसणं कितीतरी वेळ चाललंय असं कुंदाला वाटलं.

दाजींनी छत्री मिटली. नूरजहाँच्या हातात दिली. "चला," ते म्हणाले, "चार गडी या माज्यासंगं. मोटार वर काढाय लागंल."

मोटार काढायला दुपार झाली. पाइप एक एक करून वर आला. दाजींनी कुणालाच पूड ओतू दिली नाही, कुंदालाही नाही. पिशवी स्वतः फोडली, नळीच्या तोंडाला लावली आणि ओतत राहिले. काळीकरडी धूळ त्यांच्या मिशांवर, भुवयांवर बसली. आक्का मागच्या दारात उभी होती. काम संपल्यावर तिनं सगळ्या गड्यांना चहा दिला. नूरजहाँला दिला. कुंदाची वेळ आली तेव्हा रिकामं ताट घेऊन ती आत गेली.

कुंदानं जाताना दारातून हाक मारली. आतून फक्त भांड्यांचा आवाज आला. दाजी तिला रस्त्यापर्यंत सोडायला आले. गाडीपाशी ते थांबले आणि म्हणाले, "खरं सांगितलंस ते बरं केलंस." पुढं काहीतरी बोलायचं होतं त्यांना. पण ते मागे वळले, आणि तिला कळलं की आता ते तिच्याशी असंच, मोजून बोलणार.

त्यानंतर काळखडीचं नाव झालं. नूरजहाँनं ही पद्धत इतर गावांना शिकवली. काहींनी बोअर बुजवले, बहुतेकांनी नाही. काळी बटणं आता हाटेलाच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत होती. बुजवलेल्या एका बोअरमागे नवे किती होतात, हा हिशेब करणं कुंदानं सोडून दिलं होतं. ती पूड बनवत राहिली, गावोगाव पाठवत राहिली. सत्काराची बोलावणी ती नाकारायची आणि कारण सांगायची नाही.

आक्काला ती दर आठवड्याला फोन करायची. आक्का उचलायची नाही. पाण्याची टाकी पाठवली, ती परत आली. दुसऱ्या उन्हाळ्यात, वैशाखाच्या ऐन कडाक्यात, एका सकाळी फोन दाजींनी उचलला.

"पानी कसं आहे दाजी?" तिनं विचारलं. गावचा उच्चार आपसूक तोंडात आला.

"हाय की! गुडघ्याएवडं न्हाई, पुरुषभर हाय. वैशाखात पुरुषभर! जुन्या लोकांनाबी आठवत न्हाई असं." बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात जान होती. "शेजारच्या वाडीची लोकंबी न्हेत्यात."

कुंदानं डोळे मिटले. काही क्षण तिला खरंच बरं वाटलं.

"आक्का आहे का? नुसतं बोल म्हणावं एकदा."

"पान्याला गेलीया," ते म्हणाले.

"गुडघे?"

"हायत तसंच. बसत बसत येती. एक घागर आनती, मग पडून ऱ्हाती. मी जातो म्हनलं तर मला जाऊ देत न्हाई."

"कुणी असतं का बरोबर?"

"बायका हायत्या की हिरीवर. पर हिच्यासंगं कुनी बोलत न्हाई." मग, जणू तिची समजूत घालावी तसं, ते म्हणाले, "एकलीच जाती. एकलीच येती."